ओळख : चौसष्ट टक्के

नारळाने त्रिशला कुपवाडेला चौसष्ट टक्के ओळखलं, त्या दिवशी खंडेनवमी होती आणि सेंटर बंद होतं. बंद म्हणजे पेशंटांना बंद. पूजेसाठी उघडं होतं, कारण मिरजेत यंत्र जर्मनीहून आलेलं असो की कुपवाडच्या एमआयडीसीतून, खंडेनवमीला त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडतेच. एमआरआयला गळा नसतो. म्हणून ज्या गोल भोकात माणूस सरकवतात त्याच्या कडेने माळ चिकटपट्टीने लावली होती. यंत्राने बोहल्यावर उभं राहून जांभई द्यावी तसं ते दिसत होतं.

एमआरआयच्या खोलीत पूजा करणं जोखमीचं. पितळी समई चालते, चांदीचं निरांजन चालतं, पण लोखंडाचं काही आत गेलं की ते देवाआधी चुंबकाच्या पाया पडतं. चार वर्षांपूर्वी सेंटरचे मालक डॉक्टर मगदूम यांच्या सासूबाईंनी पानाचं तबक आत नेलं होतं. तबक हातात राहिलं, अडकित्ता उडून गेला. तो सोडवायला पुण्याहून दोन इंजिनियर आले आणि जाताना दोघांनीही सासूबाईंना वाकून नमस्कार केला. तेव्हापासून पूजा मालनमावशीकडे होती. आत जाणाऱ्याच्या अंगावरचा धातू काढून घेणं हे मावशीचं चौदा वर्षांचं काम. अर्ध्या सांगली जिल्ह्याची मंगळसूत्रं तिने कधी ना कधी हातात धरली होती.

त्या दिवशी मावशीने हळद-कुंकू लावलेला नारळ थेट डोक्याच्या पिंजऱ्यात ठेवला. म्हणजे पेशंटच्या डोक्याभोवती जो प्लास्टिकचा पिंजरा बसवतात, त्यात.

"मावशी, तिथं कशाला?" त्रिशला म्हणाली. ती सेंटरची टेक्निशियन. वय एकोणतीस, चेहरा कायम गंभीर.

"डोक्याच्या जागी डोकं. शेंडी हाय, डोळं हायत, आत पाणी हाय. आणि काय लागतंय?"

"मेंदू लागतोय."

"त्यो किती जणांना असतोय? चल, एकदा चालू करून दाखव. गाडीची पूजा झाल्यावर एक चक्कर मारत्यात का न्हाई?"

त्रिशलाने काचेपलीकडच्या खोलीत जाऊन यादीतलं पहिलंच नाव दाबलं. ते तिच्या वडिलांचं होतं, पुढच्या रविवारसाठी लावून ठेवलेलं. आपल्या जागी नारळ गेला म्हणून आण्णा रागावणारे नव्हते. ते दहा महिने कशालाच रागावले नव्हते.

यंत्र ठोकाठोक करत सुरू झालं. बारा मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली. मेंदू आढळला. चित्राची प्रत : उत्तम. अंदाजे वय : एक्केचाळीस.

मावशी हसून हसून खुर्चीत बसली. "एक्केचाळीस! आणि मंडईत मला कवळा म्हणून दिला त्यानं!"

त्रिशलाही हसली. मग खालच्या दोन ओळी आल्या. पहिला आवाज, सम्मेद, मुलगा : तेवीस. दुसरा आवाज, त्रिशला, मुलगी : चौसष्ट.

मावशी हसतच होती. त्रिशलाचं हसू तिथल्या तिथे गोठलं. कारण गेले सात महिने आण्णा तिला चौसष्ट टक्केच ओळखत होते.

*

आण्णा म्हणजे भूपाल कुपवाडे. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या दुकानात ते चाळीस वर्षं तंबोऱ्यांची जवारी काढत होते. तारेखाली सुताचा बारीक धागा अडकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा, आणि एका जागी आल्यावर तार जी गुंजायला लागते, तिथे थांबायचं. कुठे थांबायचं ते शिकवता येत नाही, असं ते सांगायचे. आणि मग तासभर शिकवायचे.

त्रिशलाने टेक्निशियनचा कोर्स केला तेव्हा हे यंत्र काय करतं ते तिने जेवताना त्यांना सांगितलं होतं. माणसाच्या अंगात पाणीच जास्त. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू. त्या अणूचं केंद्र म्हणजे एक भोवराच, स्वतःभोवती गरगरणारा आणि इवल्याशा चुंबकासारखा वागणारा. एरवी हे भोवरे वाटेल तिकडे तोंड करून असतात. माणसाला मोठ्या चुंबकात घातलं की त्यांतले थोडेसे जास्त, दहा लाखांत पाच-दहा, चुंबकाच्या दिशेने कलतात आणि त्या दिशेभोवती डुलायला लागतात. डुलण्याचा वेग ठरलेला, चुंबक जितका जोरकस तितका जास्त. आपण नेमक्या त्याच वेगाची रेडिओलहर सोडली तर ते ती पितात आणि आडवे होतात. दुसऱ्या कुठल्याही वेगाची सोडली तर ढिम्म. मग लहर बंद करायची. आडवे झालेले भोवरे डुलत डुलत पुन्हा जागेवर येतात, आणि येता येता स्वतःच एक क्षीण लहर सोडतात. ती आपण ऐकतो. चरबीतली लवकर विझते, पाण्यातली रेंगाळते. त्या विझण्यावरून चित्र.

आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "दोन तंबोरे एका सुरात लावून शेजारी ठेवले, की एक छेडल्यावर दुसरा बोलतो. बेसूर असला तर गप्प."

"तेच."

"म्हणजे तुम्ही पाणीच वाजवताय की."

कोर्सच्या दोन वर्षांत त्रिशलाला इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

"पण आवाज अमक्या जागेवरनं आला हे कसं कळतंय?"

"चुंबकाचा जोर एका टोकाला मुद्दाम किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे प्रत्येक जागेचा सूर वेगळा लागतो. ते कमीजास्त करणारी वेटोळी असतात, तीच ठोकाठोक करतात."

"आणि सगळं झालं की चुंबक बंद?"

"तो कधीच बंद होत नाही आण्णा. वीज गेली तरी नाही. त्याची तार इतकी गार ठेवलेली असते की एकदा घातलेला प्रवाह आपला फिरतच राहतो. रविवारी, दिवाळीत, कोणी नसलं तरी."

आण्णांचा घास हातातच राहिला. "रिकाम्या खोलीत?" ते म्हणाले. "बिचारा."

गेल्या मार्गशीर्षात दुकानातच त्यांच्या मेंदूतली शीर फुटली. त्यानंतर डोळे उघडे राहिले, पण बघत आहेत असं कुणाला वाटेना. श्वास त्यांचा त्यांचा चालू होता. नाकातल्या नळीतून दूध. कापसाचं गाठोडं उलटवावं तसं त्यांना कुशीवर वळवावं लागायचं. सेंटरला लागूनच असलेल्या हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर ते होते. आई आधीच गेलेली. उरले सम्मेददादा आणि त्रिशला.

*

ते वर्ष 'ओळख'चं होतं. म्हणजे त्या नावाच्या प्रोग्रामचं.

त्यामागचं शास्त्र जुनंच. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं, लागतं त्याहून जास्तच, पाहुणा एक आणि भाकऱ्या वीस तसं. आणि रक्ताची एक गंमत आहे. ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकाच्या फंदात फारसं पडत नाही. ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं रक्त मात्र किंचित चुंबकी होतं, आणि आसपासच्या डुलणाऱ्या भोवऱ्यांचा ताल बिघडवतं. त्यामुळे तिथला सूर लवकर विझतो. ताजं रक्त आलं की क्षणभर जास्त टिकतो. फरक शंभरात एखादा. तेवढ्यावरून यंत्र सांगतं की इथे आत्ता काहीतरी घडलं.

निश्चल पडलेल्या माणसाला एखादा आवाज ऐकवायचा आणि त्या शंभरातल्या एकावरून त्याने आवाज ओळखला का, हे टक्क्यात सांगायचं, एवढंच 'ओळख' करायचा. टक्का आल्यावर लोकांना आणखी काय लागतं? सहा महिन्यांत गावोगावची माणसं गाड्या भरून यायला लागली. कवठेमहांकाळच्या एका आजोबांनी बायकोला एकतीस आणि दूधवाल्याला सत्तर दिले. दूधवाल्याने त्या घरी जाणं बंद केलं. एका बाईने आपला आकडा फ्रेम करून जावेच्या खिडकीसमोर टांगला. एकुलत्या एका मुलांचे आकडे सगळीकडेच कमी येत होते, त्यावर एका मानसशास्त्रज्ञाने पेपरात लेख लिहिला, की एकटं मूल आईबापांना गृहीत धरतं. लेख गाजला.

मग हॉस्पिटलांच्या समित्यांनी तो आकडा उचलला. पेशंट स्वतः बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलणार, यावर पूर्वी कॉरिडॉरमध्ये हाणामाऱ्या व्हायच्या. आता फॉर्मवर रकाना आला. ज्याचा टक्का सगळ्यांत जास्त, तो हक्कदार.

आण्णांची हक्कदार त्रिशला झाली. त्यांच्या छातीत दर दोन-तीन महिन्यांनी कफ साठायचा, ताप यायचा, श्वास अडकायचा, आणि फॉर्म यायचा : श्वासाचं यंत्र लावायचं की नाही? सम्मेददादा म्हणाला होता, नको. त्रिशलाने लिहिलं, लावा. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी आण्णांच्या घशात नळी गेली आणि प्रत्येक वेळी ते परत आले, आदल्यापेक्षा थोडे कमी.

"ते मला ओळखतात, दादा," ती म्हणाली होती. "चौसष्ट टक्के. ओळखणाऱ्या माणसाला असं कसं जाऊ देऊ?"

"आणि मला तेवीस."

"मी काय करू त्याला?"

"काही नको करूस," सम्मेद म्हणाला होता. "तुझे आहेत ते, तूच बघ." फाल्गुनातली ही गोष्ट. त्यानंतर तो आला नाही. फोन केला तर फाउंड्रीत आवाज फार आहे म्हणायचा. रविवारीसुद्धा.

आणि खरं सांगायचं तर, त्या चौसष्टाची त्रिशलाला आतून एक ऊब होती. ती कुणाला दाखवण्यासारखी नव्हती, पण होती.

*

"मावशी, नारळ हलवू नका," त्रिशला म्हणाली.

"त्यो कशाला हलतोय?"

यंत्र गार व्हायला तिने तासभर जाऊ दिला. मग तोच नारळ, तेच आवाज, फक्त क्रम उलटा : आधी आपला, मग दादाचा. बारा मिनिटं ती उभीच राहिली.

त्रिशला : बावीस. सम्मेद : पासष्ट.

"आता दादा आवडाय लागला व्हय त्याला?" मावशी म्हणाली, आणि त्रिशलाचा चेहरा बघून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

स्कॅन चालू झाला की ती ठोकाठोक करणारी वेटोळी तापतात. चुंबकाचा जोर सगळीकडे सारखा राहावा म्हणून त्याच्या पोटात लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात, तेही तापतात. चुंबकाचा सूर केसभर उतरतो. हे कोर्सच्या पुस्तकातच असतं, आणि प्रोग्रामने ते वजा करायचं असतं. 'ओळख' ते वजा करत नव्हता. बाराव्या मिनिटाला उतरलेला सूर म्हणजे मेंदू हलला असं समजत होता. पहिल्या आवाजाला यंत्र गार, आकडा विशीत. शेवटच्याला यंत्र गरम, आकडा साठीत. डोक्याच्या पिंजऱ्यात काय ठेवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

हे इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्रिशला खुर्चीत बसली आणि तिला कळलं की येणारच नव्हतं. आवाजांची नावं भरताना प्रत्येक घर मोठ्याचं नाव आधी सांगायचं. आधी थोरला, मग मधला, शेवटी धाकटं. कुणी बजावलेलं नव्हतं. लग्नपत्रिकेत छापतात तसं ते आपोआप व्हायचं. तिनेही आण्णांच्या यादीत आधी दादाचं नावच भरलं होतं, मोठ्याचा मान म्हणून. मग जिकडेतिकडे थोरल्यांना वीस-बावीस आणि शेंडेफळाला साठ-पासष्ट. आणि शेंडेफळ लाडकं असतं यात कुणाला शंका यावी? एकुलता एक तर कायम पहिलाच.

तिने डॉक्टर मगदुमांना फोन लावला. ते जयसिंगपूरला जेवत होते.

"नारळाचा रिपोर्ट काढलास?" त्यांनी आधी विचारलं. "काढू नकोस. एकदा नंबर पडला की पेशंट खोडता येत नाही."

"सर, आपण चारशे बारा घरांना आकडे दिलेत."

पलीकडे वाटी ठेवल्याचा आवाज झाला.  मग ते म्हणाले, "बाटली लावून बघ. पाण्याची. नारळाच्या जोरावर मी कुणाला काय सांगू?"

पुन्हा तासभर यंत्र गार होऊ देऊन तिने नारळाच्या जागी बाटली लावली. बाटलीने दादाला एकवीस टक्के ओळखलं.

*

दादाला फोन करायचा धीर होईना, म्हणून तिने आधी दुसऱ्या कुणाला तरी करायचं ठरवलं. सराव म्हणून. आकडे दिलेल्या घरांच्या यादीतलं पहिलं नाव होतं आप्पासाहेब नलवडे, तासगाव, निवृत्त एसटी ड्रायव्हर. आईसाठी आले होते. थोरले आप्पासाहेब : एकोणीस. धाकटे बंधू : सदुसष्ट.

"बोला की बाई," नलवडे म्हणाले. मागे कुकरची शिट्टी झाली.

तिने सांगितलं. सोपं करून, नारळ वगळून. यंत्राची चूक होती, तुमचा एकोणीस खरा नव्हता.

"आई गेली की," नलवडे म्हणाले. "श्रावणात."

"मला माहीत नव्हतं. माफ करा."

"सगळी आत बसलीवती. मी दाराबाहीर हुतो. न्हाई गेलो आत." ते अगदी साधेपणाने सांगत होते, गाडी कुठल्या फाट्याला थांबते ते सांगावं तसं. "म्हटलं, वळखत न्हाई तर परका माणूस बघून घाबरंल म्हातारी. जाताजाता कशाला तरास द्या."

त्रिशलाने पडद्यावरचा एकोणीस खाली सरकवून दिसेनासा केला.

"मग खरा किती हुता माझा?"

"ते... ते सांगता येत नाही."

"एकोणीसपेक्षा जास्त?"

"माहीत नाही काका. खरंच माहीत नाही."

"मग फोन कशाला केला बाई?" ते म्हणाले. रागाने नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मग त्यांनीच हळूच फोन ठेवला.

त्रिशलाने पुढचा फोन दादाला लावला.

*

शिरोलीच्या फाउंड्रीतून मिरज तासाभरावर. सम्मेद दीड तासाने आला. हेल्मेट काढत दारातच म्हणाला, "हक्कदार बाईंनी बोलावलंय. उशीर झाला असला तर टक्का कापा."

"दादा, बस."

"बसतो. काय झालंय? आण्णा?"

"आण्णा आहेत तसेच आहेत. तू हे बघ." तिने पडद्यावरचे आकडे एकेक करून दाखवले. आण्णांचे सात महिन्यांचे. मग नारळाचे. मग बाटलीचे. सम्मेदने काचेतून आत, मावशीने बाटली काढून पुन्हा पिंजऱ्यात ठेवलेल्या नारळाकडे बघितलं. हळद-कुंकू लावलेलं, शेंडीवालं, चित्राची प्रत उत्तम.

"म्हणजे सात महिने माझा आवाज तू ह्यालाच ऐकवत होतीस," तो म्हणाला.

"तसं नाही."

"मग कसं? तुझं चौसष्ट खोटं ना?"

"खोटं."

"म्हणजे त्यांना कोणीच ओळखू येत नाही."

"तसंही नाही दादा. ओळखत असले तरी हाच आकडा आला असता. नसले तरी हाच."

"तुझं ना काही कळत नाही मला," सम्मेद म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तेवीस आला तेव्हा म्हणालीस, यंत्र कुणाची बाजू घेत नाही. मी मान्य केलं. लोखंड ओतणारा माणूस मी, मला मापावर भरवसा आहे. आता म्हणतीस मापच नव्हतं. मग मी सात महिने कशासाठी घरी बसलो?"

त्रिशला उठली. कानातले काढले, घड्याळ काढलं, केसांच्या पिना काढून मावशीच्या हातात दिल्या. "तुझ्या फोनवर आण्णांचा आवाज आहे ना?"

"आहे."

"तो लाव. मी आत जाते. तू बटण दाब."

सम्मेदला आत जाऊन चालणार नव्हतं. पंधरा वर्षं फाउंड्रीत काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत लोखंडाचा कीस असू शकतो, आणि चुंबक तो सोडत नाही. त्यामुळे आण्णांच्या एकाही स्कॅनला तो त्या खोलीत नव्हता. त्याचा आवाज फाइलमधूनच जायचा.

मावशीने नारळ उचलून बाजूला ठेवला आणि त्रिशलाच्या डोक्याभोवती पिंजरा बसवला. "हलू नगं हं पोरी," ती म्हणाली, हजारो लोकांना म्हणाली होती तसंच.

त्रिशलाने चौदाशे माणसं त्या भोकात सरकवली होती. स्वतः पहिल्यांदाच गेली. नाकाच्या वर चार बोटांवर छत. स्कॅन सुरू व्हायच्या आधी पंपाचा चिरका आवाज येत होता, एका लयीत, कधीही न थांबणारा. आण्णा दर महिन्याला इथे पडून हा ऐकत होते. किंवा ऐकत नव्हते. तिच्या डोक्यातलं सगळं पाणी आत्ता, या क्षणी, दहा लाखांत पाच-दहा भोवऱ्यांनी का होईना, एका दिशेला कललं होतं, आणि तिला काहीच जाणवत नव्हतं. आत काय चाललंय हे आतल्या माणसालाही कळत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ठोकाठोक सुरू झाली. मग कानात आण्णा बोलले.

"सम्मेद, त्रिशलाला सांग, किल्ली खुंटीला आहे. आणि मोठ्या तंबोऱ्याला हात लावू नका दोघं. आत्ताच लावून ठेवलाय."

एवढंच. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सहा मिनिटं आण्णा किल्ली खुंटीला असल्याचं सांगत राहिले. त्रिशलाच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांकडे ओघळलं. पुसता येत नव्हतं, हात पट्ट्यांत होते. जगात तिने कुठला आवाज ओळखला असेल तर तो हा. नखापासून टाळूपर्यंत ओळखला. त्यानंतर तुलनेसाठी यंत्राने आपला दुसरा आवाज लावला : कृपया हलू नका, शांत पडून राहा, अशी सूचना देणारी रेकॉर्ड केलेली बाई.

ठोकाठोक थांबली. स्पीकरमधून सम्मेदचा श्वास ऐकू आला.

"किती?" तिने विचारलं.

"आण्णा, बावीस." तो थांबला. "सूचना देणारी बाई, सहासष्ट."

 मग सम्मेदला हसू फुटलं. स्पीकर खरखरला. "त्रिशे, तू आण्णांना ओळखत नाहीस गं. लाज वाटत नाही?" तो हसत राहिला, आणि त्या हसण्याचं पुढे काय झालं ते स्पीकर बंद झाल्यामुळे तिला ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

*

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. मावशीने चहा आणून ठेवला.

"मला सांगितलं होतं त्यांनी," सम्मेद म्हणाला. "शीर फुटायच्या आधी, दिवाळीत. म्हणाले, माझं तसं काही झालं तर मला कशाला जोडून ठेवू नका. जेवढा श्वास माझा आहे तेवढा घेऊ दे."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, तिला सांगू नको. ती सही करणार नाही."

 आण्णांना ती पूर्ण शंभर टक्के ओळखू आलेली होती, फक्त त्या दिवाळीत. आणि तिने तीनदा सही केली होती, त्यांनी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

"तू तेव्हा हे का नाही बोललास?"

"बोललो की. नको म्हटलं. तेवीस टक्केवाल्याचं कोण ऐकतंय?"

दसऱ्यानंतर डॉक्टर मगदुमांनी 'ओळख' बंद केला. तीन दिवस स्वतः बाटल्या लावून बघितल्यावर चारशे बारा पत्रांवर त्यांनीच सह्या केल्या. काही घरांतून फोन आले. बरेच आले नाहीत. कवठेमहांकाळच्या दूधवाल्याने पत्र न फोडता परत पाठवलं.

त्रिशला समितीच्या ऑफिसात गेली आणि हक्क सोडते म्हणाली. तिथल्या क्लार्क बाईंनी कॉम्प्युटरकडे बघितलं. "हक्कदाराचा टक्का लिहिल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही मॅडम. शून्य घालू?"

"नको. शून्य म्हणजेसुद्धा आकडाच."

"मग काय घालू?"

"काही नाही."

"काही नाही असं घालता येत नाही," बाई कळवळून म्हणाल्या. शेवटी त्यांनी तो फॉर्म कागदावर छापला, पेनाने रकान्यावर रेघ मारली, आणि खाली दोघा भावंडांच्या सह्या घेतल्या. पुढच्या वेळी यंत्र लावायचं नाही.

पुढची वेळ कार्तिकात आली. ताप चढला, छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. त्रिशलाच्या तोंडात 'लावा' आलं होतं. तिने ते दातांत धरून ठेवलं. घशात नळी गेली नाही. श्वास सुसह्य व्हावा एवढंच औषध दिलं.

चार दिवस दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसून होते. सम्मेद सात महिन्यांचं बोलून घेत होता : नवीन भट्टी, सुपरवायझरची मिशी, धाकट्याला चौथीत पडलेले मार्क. आण्णांचे डोळे छताकडे. ऐकत होते की नव्हते. मध्येच सम्मेद बहिणीकडे बघायचा, आणि ती मान हलवायची, म्हणजे मलाही माहीत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला कुंभोजच्या डोंगराची गोष्ट निघाली. लहानपणी आण्णा दोघांना बाहुबलीला घेऊन गेले होते, आणि पायऱ्यांवर एकाचे पाय दुखायला लागले म्हणून त्यांनी एकाला खांद्यावर घेतलं होतं.

"मला घेतलं होतं," त्रिशला म्हणाली. "तू मागून रडत येत होतास."

"तुला? तू आईच्या कडेवर होतीस! खांद्यावर मी होतो. वरून मला आख्खं हातकणंगले दिसलं होतं!"

"अरे, त्यांचे केस मी धरले होते. तेलाचा वास अजून आठवतोय मला."

"तेल सगळ्यांनाच आठवतं! चप्पल कुणाची पडली? माझी! खांद्यावरून पडली!"

"चप्पल माझी—"

"थांब, तुला नाही आठव—"

दोघं एकदमच बोलत होते, एकमेकांवर चढून, खाटेवरून हात नाचवत. बाजूच्या पेशंटकडची सिस्टर वळली. तिने आधी गप्प बसा म्हणून बोट वर केलं, मग तेच बोट आण्णांच्या मानेला लावलं, आणि तिथेच ठेवलं.

दोघं थांबले. दुसऱ्या कुठल्या खाटेवरचा मॉनिटर आपला टिकटिकत होता.

सिस्टरने घड्याळ बघून वेळ लिहिली. ती तिच्या बोटाची वेळ होती. आण्णा त्याआधी किती वाक्यांमागे गेले, चपलेच्या वेळी की तेलाच्या, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

डोंगरावर त्यांच्या खांद्यावर कोण होतं, तेही.